रूळ कोणाचे, राखण कोणाची?

मूर्तिजापूरहून एक छोटी आगगाडी दक्षिणेकडे कारंजा, दारव्हा करीत यवतमाळास जात असे, आणि दुसरी उत्तरेकडे दर्यापूर, अंजनगांव करीत अचलपुरास जात असे. लोक तिला 'शकुंतला' म्हणत. यवतमाळची गाडी २०१६ सालच्या सुमारास बंद पडली. पुढें थोड्याच वर्षांत अचलपूरचीही थांबली. रूळ उखडून नेण्याची तसदी कोणीं घेतली नाहीं, आणि ते दुरुस्त करण्याचीही घेतली नाहीं. ठिकठिकाणीं त्यांवर बाभळी उगवल्या, मोऱ्या गाळानें भरल्या. ज्या गाडीनें आमच्या वऱ्हाडच्या रयतेचीं तीन पिढ्यांचीं माणसें बाजारास, दवाखान्यास, लग्नकार्यास नेलीं, तिचा असा शेवट कां झाला, याचा विचार आम्ही आज वाचकांपुढें मांडणार आहोंत. हा प्रश्न केवळ त्या दोन फाट्यांवरील गांवांचा नाहीं. रयतेच्या पैशानें व श्रमानें उभी राहिलेली वस्तु राखावी कोणीं, हा तो प्रश्न आहे.

प्रथम ती वस्तु उभी कशी राहिली तें पाहूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, चौदा डबे होते, तीन इंजिनें होतीं, सुमारें चारशें निमंत्रित बसले होते, एवढें शाळेच्या पुस्तकांत असतें आणि आम्ही शिक्षक तें मुलांकडून पाठ करून घेतों. परंतु त्या गाडीचें भांडवल कोणत्या अटीवर आलें, हें त्याच पानावर सांपडत नाहीं. १८४९ सालच्या करारानें जी. आय. पी. रेल्वे कंपनीस तिच्या भांडवलावर दरसाल शेंकडा पांच व्याजाची हमी मिळाली होती. गाडीला नफा झाला तर त्याचा वांटा भागीदारांस. पांच टक्क्यांस जें कमी पडेल तें सरकारी खजिन्यांतून भरून द्यावयाचें. सरकारी खजिना म्हणजे काय? त्या काळीं त्याचा मोठा आधार शेतसारा होता. म्हणजे ज्या कुणब्यानें उभ्या जन्मांत आगगाडीचें तोंड पाहिलें नव्हतें, त्याच्याही घामाचा पैसा लंडनच्या भागीदाराच्या व्याजास लागत होता.

पैशाचें हें असें. आतां श्रमाचें पाहा. बोरघाटाचें काम १८५६ सालीं सुरू झालें व १८६३ सालीं पुरें झालें. सुमारें पंचवीस किलोमीटरांच्या चढणींत पंचवीस बोगदे खणावे लागले. १८६१ सालीं त्या एका घाटांत बेचाळीस हजार माणसें राबत होतीं. दोरानें कड्यावर लोंबकळून सुरुंगाचीं भोंकें पाडणारीं तीं माणसें. पटकीनें व तापानें त्यांतलीं हजारोंनीं मेलीं. मजुरी थकली म्हणून १८५९ सालीं तेथें दंगाही झाला. कंत्राटदारांचीं व इंजिनियरांचीं नांवें पुस्तकांत राहिलीं. मजुरांचीं नांवें कोठें कोरलेलीं नाहींत. तेव्हां लोहमार्ग हा इंग्रजानें आम्हांस दिलेला नजराणा आहे असें कोणी म्हणूं लागला, तर त्यास एवढेंच विचारावें कीं, पैसा कोणाचा व हात कोणाचे?

परंतु बांधणें ही अर्धीच गोष्ट आहे. विहीर बांधली म्हणजे जन्माची तहान भागली असें कोणी शेतकरी समजत नाहीं. दरसाल गाळ काढावा लागतो, ढासळलेली कड सांवरावी लागते. लोहमार्गाचेंही तसेंच आहे. फरक इतकाच कीं विहिरीकडे वर्षांतून एकदां पाहिलें तरी चालतें, रुळाकडे रोज पाहावें लागतें.

आमच्या वाचकांनीं गँगवाल्यांस रुळावर काम करतांना पाहिलें आहे, पण तें काम काय आहे हें पुष्कळांस ठाऊक नसतें, म्हणून थोडें सांगतों. एका किलोमीटर रुळाखालीं हजाराच्या वर स्लीपर असतात. स्लीपर दोन रुळांमधील अंतर धरून ठेवतो. त्याखालची खडी गाडीचा भार पसरून जमिनीवर घालते व पावसाचें पाणी निथळूं देते. गाडी गेली कीं खडी थोडी दबते, थोडी सरकते. कोठें स्लीपर पोकळ पडला कीं चाक तेथें आदळतें. आदळलें कीं आणखी पोकळ पडतो. म्हणून मुकादम रुळाला डोळा लावून तो कोठें खचला आहे हें पाहतो, व गँग त्या जागीं खडी ठोकून भरते. चावीवाला आपल्या वांट्याचा रूळ रोज पायीं तुडवितो. ढिली चावी हातोड्यानें बसवितो, फिशप्लेटचा बोल्ट आवळतो, रुळाला तडा गेला आहे काय तें पाहतो.

उन्हाळ्याचा हिशेब वेगळा. बैलगाडीच्या चाकावर धांव चढवितांना आमचा लोहार ती तापवून मोठी करतो, हें खेड्यांतल्या पोरासही माहीत आहे. रूळही तसाच वाढतो. बारा-तेरा मीटर लांबीचा रूळ पहाटेपेक्षां दुपारीं तीस अंशांनीं अधिक तापला, तर सुमारें चार मिलिमीटर लांबतो. सांध्यांत तेवढी फट राखली नाहीं, तर रूळ सापासारखा वांकतो आणि गाडी खालीं उतरते. थंडींत उलट, तो आंखडतो व बोल्टावर ताण येतो. ही फट राखणें म्हणजे बुद्धीचें काम आहे. पहार उचलणारा म्हणून ज्यास पांढरपेशे अडाणी म्हणतात, तोच तें करीत आला आहे.

आणि वऱ्हाडांत तर काळी जमीन. तिचा स्वभाव आमच्या शेतकऱ्यांपेक्षां अधिक कोणास ठाऊक असणार? पावसांत ती फुगते, उन्हाळ्यांत हात जाईल एवढी भेगाळते. तीवर घातलेला भराव एका साली वर येतो, दुसऱ्या साली बसतो. मुरमाच्या जमिनीवर जेवढी राखण लागते तीपेक्षां काळीवर अधिक लागते. पावसाळ्याच्या रात्रीं कंदील, लाल झेंडी व आवाजी फटाके घेऊन गस्तवाला रुळावरून चालत असतो. मोरी वाहून गेली असें दिसलें, तर रुळावर फटाके ठेवून व लाल दिवा दाखवून गाडी थांबवावयाची, हें त्याचें काम. डब्यांत निजलेल्या शेंकडों माणसांस त्याचें नांवही कळत नाहीं. रुळावर काम करतां करतां गाडीखालीं सांपडून आजही माणसें मरतात. त्यांची बातमी वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर चार ओळींत येते.

हे गँगवाले, चावीवाले, सांधेवाले, फाटकवाले, फायरमन कोण होते? आमच्याच घरचे. पाऊस चुकला, कर्जापायीं शेत सावकाराकडे गेलें, म्हणजे एक भाऊ रुळावर जाई. बलुत्यावर पोट भरेना तेव्हां लोहार-सुताराचा मुलगा रेल्वेच्या कारखान्यांत फिटर होई. गांवांत त्याच्या हुन्नराची किंमत सुगीच्या वेळच्या चार पेंढ्या होती. कारखान्यांत त्याच हाताला महिन्याचा रोख पगार मिळूं लागला. आगगाडीनें आमच्यावर उपकार केला असेल तर तो हा. तो नाकारण्याचें कारण नाहीं.

आतां दोन छोट्या लोहमार्गांची हकीकत सांगतों. दोन्ही अडीच फुटी रुळांचे, दोन्ही खाजगी कंपन्यांचे, दोन्ही आमच्याच मुलखांतले. एकाचें काय झालें व दुसऱ्याचें काय झालें, हें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे आमचें म्हणणें आपोआप उलगडेल.

पहिला बारशी लाइट रेल्वेचा. बारशी ही मोठी बाजारपेठ; पण मुंबई-मद्रास मार्ग तिच्यापासून पस्तीस किलोमीटर दूर गेला. माल बैलगाड्यांनीं न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंजिनियरानें १८९५ सालीं लंडनमध्यें कंपनी काढली आणि १८९७ सालीं बारशी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, तेथून बारशीपर्यंत गाडी सुरू केली. त्याची युक्ति साधी होती. इंजिन असो कीं मालाचा डबा असो, प्रत्येक आंसावर पांच टनांहून अधिक भार येऊं द्यावयाचा नाहीं. भार सारखा वांटला म्हणजे हलका रूळ पुरतो, आणि हलका रूळ म्हणजे कमी खर्च. बैलगाडींत पोतीं भरतांना पुढें-मागें भार समतोल ठेवणाऱ्या आमच्या गाडीवानास ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाहीं. हा मार्ग १९०६ सालीं पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस पोहोंचला. सगळा मिळून सुमारें तीनशें पंचवीस किलोमीटर. आषाढी-कार्तिकीस त्या छोट्या डब्यांत वारकऱ्यांस पाय ठेवावयास जागा नसे. कुर्डुवाडीस कारखाना निघाला व तेथें आसपासच्या गांवांचे कारागीर तयार झाले.

१ जानेवारी १९५४ रोजीं सरकारनें हा मार्ग कंपनीकडून आपल्या ताब्यांत घेतला. त्या दिवसापासून रूळ ज्याचे, त्याचीच राखण झाली. गाडी हळू चालत होती, लोक तिची थट्टा करीत होते, तरी मार्ग जिवंत राहिला. या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत त्याचें रूप टप्प्याटप्प्यानें पालटून तो साडेपांच फुटी झाला. लातूरकडे जातांना जरा वळवून तो उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवासही नेला. कुर्डुवाडीचा कारखाना मोडीत निघाला नाहीं.

या जिवंत राहण्याचें फळ काय मिळालें? २०१६ सालच्या दुष्काळांत लातूर शहराचे नळ कोरडे पडले. घागरींच्या रांगा लागल्या. पाण्यावरून मारामाऱ्या होऊं नयेत म्हणून जमावबंदी करावी लागली. तेव्हां मिरजेहून पाण्याची आगगाडी निघाली. ती १२ एप्रिल २०१६ रोजीं लातुरास पोहोंचली. पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या, प्रत्येक टाकींत सुमारें पन्नास हजार लिटर पाणी. पुढें पन्नास टाक्यांची गाडी जाऊं लागली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर अशी तिची वाट. म्हणजे मुख्यतः तीच जुन्या बारशी गाडीची वाट. कॅलथ्रॉपानें ती कापसा-धान्यासाठीं व यात्रेकरूंसाठीं आंखली होती. पाणी वाहून नेण्याचें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. परंतु वाट राखलेली होती, म्हणून संकटांत उपयोगी पडली. शंभर वर्षें ज्या गँगवाल्यांनीं तो भराव सांवरला, त्यांनीं लातूरकरांस पाणी पाजलें असें आम्ही म्हणतों, आणि यांत अतिशयोक्ति नाहीं.

दुसरा मार्ग आमच्या शकुंतलेचा. मुंबई-नागपूर मार्ग १८६७ सालीं नागपुरापर्यंत गेला. परंतु यवतमाळ, दारव्हा, कारंजा, अंजनगांव, अचलपूर या कापसाच्या पेठा बाजूस राहिल्या. विलायतेच्या गिरण्यांस वऱ्हाडचा कापूस हवा होता. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या पंधरा वर्षांत मूर्तिजापुराहून दोन्हीकडे अडीच फुटी रूळ पडले. यवतमाळकडे सुमारें एकशें तेरा किलोमीटर, अचलपूरकडे सुमारें शहात्तर. किलिक निक्सन या पेढीनें काढलेली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी ही मालक. गाडी चालविण्याचें काम मात्र कराराने जी. आय. पी. रेल्वेकडे. कंपनीनें रूळ द्यावे, दुसऱ्यानें गाडी चालवावी, आणि उत्पन्नांतून कंपनीस तिचा वांटा पोहोंचवावा, अशी ही व्यवस्था होती.

१९५१ सालीं जी. आय. पी. जाऊन मध्य रेल्वे झाली. देशांतल्या बहुतेक आगगाड्या सरकारच्या मालकीच्या झाल्या. हा मार्ग मात्र कंपनीचा तो कंपनीचाच राहिला आणि जुना करार मुदतीमागून मुदत वाढत चालला. विकत घेण्याचा विचार अनेकदां निघाला व प्रत्येक वेळीं 'फायद्याचें नाहीं' म्हणून बाजूस पडला. तोंवर तीच गाडी, तेच रूळ. आम्ही शाळेंत शिकत होतों तेव्हां, १९९४ सालापर्यंत, विलायतेंत १९२१ सालीं घडविलेलें वाफेचें इंजिन तिला ओढीत होतें. नंतर डिझेलचें आलें, पण त्याच्याखालचा रूळ तोच राहिला. माणसें कमी होत गेलीं. गार्डच तिकिटें विकी. अचलपूरचे शहात्तर किलोमीटर जावयास चार तास लागत. तरी लोक बसत, कारण भाडें एस. टी.च्या मानानें फारच थोडें होतें. मजूर बाई, म्हातारा, शाळेचा मुलगा, भाजीची पाटी घेतलेली माळीण यांस चार तासांपेक्षां चार रुपये मोठे असतात.

रूळ सुधारला असता तर गाडी जलद गेली असती. जलद गेली असती तर उत्पन्न वाढलें असतें. पण रूळ सुधारावा कोणीं? गाडी चालविणारा म्हणणार, रूळ माझे नाहींत. परक्याच्या मालमत्तेंत सरकारी पैसा कां घालूं? मालक म्हणणार, चालवितो तो, झीज करतो तो. मीं कां घालूं? आमच्या वाचकांस हें चित्र नवें नाहीं. मालक शहरांत, कूळ सालोसाल पट्ट्यावर, अशा शेताची दशा काय होते? बांध फुटला तर कूळ म्हणतें, पुढच्या सालीं शेत माझ्याकडे राहील कशावरून? मालक म्हणतो, खंड वेळेवर येतो आहे, बांधाचें कुळानें पाहावें. दोघांचें बोलणें आपापल्या परीनें खरें, आणि माती वाहून जाते ती जातेच. शकुंतलेचें अगदीं असेंच झालें. खंड खाणारा एक, नांगर धरणारा दुसरा, आणि बांध घालणारा कोणीच नाहीं.

येथें एका गैरसमजाविषयीं दोन शब्द लिहिणें जरूर आहे. "स्वराज्य येऊन इतकीं वर्षें झालीं तरी ही गाडी इंग्रजाचीच आहे," असें लोक मोठ्या चवीनें सांगत असत, व वर्तमानपत्रेंही तसें छापीत. ऐकून रक्त उसळतें खरें. परंतु किलिक निक्सन पेढी स्वातंत्र्यानंतर हिंदी भांडवलदारांच्या हातीं आली होती. तेव्हां दोष केवळ गोऱ्या कातडीचा असता, तर मालक हिंदी झाल्यावर रूळ सुधारावयास हवे होते. तसें झालें नाहीं. राखण न करतां खंड खाण्याची जी रीत, तींतच दोष आहे. खंड खाणारा गोरा असो कीं काळा, लंडनचा असो कीं मुंबईचा, बांध फुटावयाचा तो फुटतोच. आमच्या लोकांनीं इंग्रजावर राग काढून समाधान मानूं नये. हल्लींच्या कारभाऱ्यांस जाब विचारावा.

कोणी म्हणेल, तोट्याची गाडी चालवावी कशाला? या प्रश्नाचें उत्तर आम्ही टाळणार नाहीं. तिकिटाच्या पैशांत खर्च निघत नव्हता, हें खरें आहे. पण गांवच्या डांबरी सडकेस कोणी विचारतो काय, कीं तूं यंदा किती नफा केलास? सडकेची खडी-डांबर करांतून होते, आणि तीवर ज्यांच्या मोटारी आहेत तेही फुकट चालतात. आगगाडीचा हिशेब मात्र तिकिटाच्या खिडकीपाशीं सुरू होतो व तेथेंच संपतो. पेठेपर्यंत माल स्वस्तांत गेल्यानें शेतकऱ्याचे जे चार पैसे वांचतात, मुलगी शाळेंत जाते, रोगी वेळेवर दवाखान्यांत पोहोंचतो, हें त्या हिशेबांत कोठेंच धरलेलें नसतें. शिवाय ज्या गाडीचे रूळ वर्षानुवर्षें सुधारले नाहींत, डबे वाढविले नाहींत, वेळ पाळली नाहीं, तिला तोटा झाला म्हणून तिलाच दोष देणें म्हणजे बैलास वैरण न घालतां तो नांगर ओढीत नाहीं म्हणून बाजारांत नेणें होय.

दुसरा म्हणेल, आतां मोठे रूळ येत आहेत, मग या छोट्याचें रडगाणें कशास? आम्ही छोट्या रुळांच्या प्रेमांत पडलेलों नाहीं. बारशीचा छोटा मार्ग गेला व मोठा आला, याचा आम्हांस आनंदच आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा मार्ग होत आहे व त्याचा वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झाला, हीही चांगली गोष्ट आहे. पण तेवढ्यानें कारंजा-दारव्ह्याचा किंवा अंजनगांव-दर्यापूरचा प्रश्न सुटत नाहीं. आणि बारशीचा धडा हा आहे कीं, जुनी वाट जिवंत होती म्हणून नवी वाट तीवर लवकर उभी राहिली. भराव, मोऱ्या व जमीन हीं एकदां हातचीं गेलीं, अतिक्रमणानें गिळलीं, म्हणजे पुन्हां भूसंपादन आलें; पुन्हां शेतकऱ्याचेंच शेत जाणार, आणि पुन्हां त्याच्याच कराचा पैसा त्यावर खर्च होणार.

म्हणून आमचें मागणें थोडक्यांत असें आहे. पहिलें, शकुंतलेची जमीन, भराव, रूळ व पूल यांची मालकी कोणाकडे आहे व जुन्या कराराचें शेवटीं काय झालें, हें सरकारनें मराठींत, सर्वांस समजेल अशा भाषेंत जाहीर करावें. दुसरें, ही सर्व वाट सरकारनें आपल्या एका हाताखालीं आणावी, आणि नवे रूळ पडेपर्यंत तिची मोजणी, कुंपण व मोऱ्यांची सफाई चालू ठेवावी. तिसरें, नवी गाडी होईल तेव्हां ती केवळ मालाची किंवा हौशी प्रवाशांची नसावी. जुनीं लहान स्टेशनें शक्य तेथें राखावीं व भाडें मजुरास परवडेल असें असावें. चौथें, देशभर रुळावर राबणाऱ्या गँगवाल्यांच्या रिकाम्या जागा वेळेवर भराव्या. झळाळत्या नव्या गाडीच्या उद्घाटनास हार-तुरे मिळतात. खडी ठोकणाऱ्यास चांगले बूट, इशारा देणारें साधन व पाठीवर माणूस मिळाला पाहिजे. गाडी कितीही नवी असली तरी ती धांवते त्याच्याच हातावर.

सरकारास सांगून झालें. आतां आपल्या घरच्यांस सांगतों, कारण आपलीं व्यंगें झांकून ठेवणें हा आमचा धर्म नाहीं. बंद पडलेल्या मार्गावरच्या फिशप्लेटा व लोखंड भंगारवाल्यास विकणारे हात कोणाचे? स्लीपर काढून गोठ्यास लावणारे कोण? भरावाची मुरूम-माती रात्रीं गाडींत भरून नेणारे कोण? सगळे कांहीं बाहेरगांवचे नव्हेत. "सरकारचें आहे, बेवारशी आहे," असें म्हणून आपण आपलेंच घर लुटतों. आजोबांच्या शेतसाऱ्यांतून व चुलत्याच्या हातोड्यांतून जें उभें राहिलें तें बेवारशी कसें? आपण वारस म्हणून उभे राहिलों नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हां या मार्गावरील प्रत्येक गांवानें ग्रामसभेंत ठराव करावा कीं आमच्या शिवेंतला रूळ, मोरी व स्टेशनची जागा यांस कोणी हात लावणार नाहीं. तो ठराव कलेक्टरकचेरींत व रेल्वेच्या कचेरींत पोहोंचवून पोंच घ्यावी. दारव्ह्याचा ठराव वेगळा, अचलपूरचा वेगळा, असें न करतां दोन्ही फाट्यांवरील गांवांनीं एकमेकांस धरून चालावें. सुटें सुटें मागणें सुट्या स्लीपरासारखें एका धक्क्यानें सरकतें. ज्यांस लिहितां-वाचतां येतें त्या आमच्या तरुणांनीं जुने गँगवाले, गार्ड, फायरमन अजून हयात आहेत तोंवर त्यांच्यापाशीं बसावें व ते सांगतील तें उतरून घ्यावें. कोणत्या मोरीवर पाणी चढतें, कोणता भराव दरसाल बसतो, हें ज्ञान कोणत्याही नकाशांत नाहीं. तें त्या म्हाताऱ्यांच्या डोक्यांत आहे व त्यांच्याबरोबर जाईल. उद्यां नवा मार्ग आंखणाऱ्या इंजिनियरास तें हजारों रुपयांच्या मोलाचें ठरेल.

आमच्या शाळेंत एकदां आम्हीं मुलांस विचारलें, आगगाडी कशानें चालते? एक म्हणाला वाफेनें, एक म्हणाला डिझेलनें, एक म्हणाला विजेनें. मागच्या रांगेंत एक मुलगी होती. तिचा आजा चावीवाला होता. ती म्हणाली, "गुरुजी, आजा रोज रूळ पाहून येई, मग गाडी येई." त्या दिवशीं पुस्तकांतला धडा आम्हीं पुढें नेला नाहीं. बेचाळीस हजारांनीं घाट फोडला, हजारोंनीं भराव घातला, आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणी तरी रोज पाहून आला, म्हणून गाडी आली. पाहून येणारा काढून घेतला, तेव्हां ती येईनाशी झाली. कारभाऱ्यांनीं ही साधी गोष्ट ध्यानांत घ्यावी, आणि त्यांच्या ध्यानांत ती येईपर्यंत आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांनीं ती त्यांच्या कानीं घालीत राहावें, एवढीच आमची विनंति आहे.